संक्रांतीला एक एसटी कारखान्यावर सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या झेडपी शाळेत मास्तर आहे. दिवाळी झाली की आमच्याकडं अर्धं गाव रिकामं होतं, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली कोल्हापूरच्या साखर कारखान्यांवर जातात, काही पार कर्नाटकात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. सरकारचं हंगामी वसतिगृह आहे, पोरांना दोन वेळ जेवण मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही (बिलं कधी निघतात ते विचारू नका). पण ही पोरं पाच पाच महिने आईबापाला बघत नाहीत हो. फोनवर बोलावं म्हटलं तर आई पहाटे अंधारात उसाच्या फडात जाते ती गाडी भरूनच खोपीवर येते, तोवर इकडं पोरगं झोपलेलं. माझ्या वर्गातल्या एका पोरीचा दात पडला तर तिनं माझ्या मोबाईलवरून आईला सांगितलं, आई घरी आली तेव्हा तिथं नवीन दात आलेला होता.

लोक म्हणतात आईबापानी दोन दिवस येऊन जावं की. येणार कसं? नवरा बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतात, उचल (आगाऊ मजुरी) घेऊन आधीच खर्च झालेली, मजुरी टनावर आणि खाडा केला की मुकादम पैसे कापणार. बायांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट आहे, पण अडचण तिकिटाची नाहीच, सुट्टीची आहे. मग आईबाप येऊ शकत नसतील तर पोरांना तिकडं न्या ना.

सरकारला जमत नाही असं कुणी सांगू नये. 17 एप्रिल 2020 ला, ऐन लॉकडाऊनमधे आदेश काढून 38 कारखान्यांवरच्या 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगारांना गावी जायला परवानगी दिली होती, तपासण्या करून, गाववार याद्या करून. म्हणजे कोणती टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते तेव्हा बरोबर कळलं होतं, मग दरवर्षी का नाही कळत?

पैशाचं म्हणाल तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागं 10 रुपये कारखान्यानी आणि 10 रुपये सरकारनी द्यायचं ठरलेलं आहे. लाख टन गाळपाला 20 लाख झाले. त्यात एका एसटीचं दोन दिवसाचं भाडं बसत नाही का? ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यात 82 वसतिगृहं मंजूर आहेत, ती व्हावीतच, पण वसतिगृह कितीही चांगलं असलं तरी तिथं आई नसते.

तेव्हा संक्रांतीच्या आसपास तालुक्यातून कारखान्यानुसार बसेस सोडा, सोबत एक शिक्षक द्या आणि साखर आयुक्तांनी त्या एका दिवसाचा खाडा कापायचा नाही असा लेखी आदेश काढावा, नाहीतर पोरं फडाच्या बांधावर बसून राहतील आणि आई ऊसच तोडत राहील. आमच्या बसबरोबर मी जायला तयार आहे, गाडी लागणाऱ्या पोरांसाठी पिशव्या पण मीच आणीन.

- एक शिक्षक, जि. बीड