आप्पा, तुम्ही कापलेल्या केळीच्या पिलांबद्दल

आदरणीय आप्पा,
सा. न.

गेल्या डिसेंबरात सावद्याला आलो, तेव्हा माझ्या खिशात सात संकल्पांचा कागद होता. रोज दहा हजार पावलं, गोड बंद, पहाटे पाचला उठणं, महिन्याला पाच हजार बचत... तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 टक्के निघाली होती आणि 6.5 ला मधुमेह धरतात. भीतीपोटी सगळं एकदम बदलायला निघालो होतो.

तुम्ही मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या केळीत, बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होता. कागद वाचलात आणि मला एका खोडापाशी बसवलंत. बुंध्याला चार-पाच पिलं फुटलेली, सगळी जोमदार. विळ्याने जमिनीसरशी छाटलीत. म्हणालात, "यातलं वाईट एकही नाही. पण सगळी ठेवली तर घड कसा पोसायचा? तुझं खोड कोणतं, ते सांग."

मी चालणं म्हणालो. तेही तुम्ही कमी केलंत: मेहरूण तलावावर अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मग विचारलंत, "वैशाखात काय करशील?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. थंडीत ठरवलेलं तिथे टिकत नाही. उन्हाळ्यात साडेपाचलाच निघायचं, लग्नसराईत तीन दिवसही चालतील, असं कागदाच्या पाठीवर तुम्हीच लिहायला लावलंत.

मार्चअखेरच्या कामात बारा दिवस खाडा झाला. एरवी तिथेच सोडून दिलं असतं. पण थंडीत केळीची वाढ मंदावते म्हणून कुणी बाग उपटत नाही, हे तुमचं बोलणं आठवलं. तेराव्या दिवशी बूट घातले.

परवा साखर 5.8 आली. अजून पूर्ण ठीक नाही, पण उतरली आहे. रिपोर्ट आधी आईला दाखवला, मग हे पत्र लिहायला बसलो.

केळी निसवली, घड बाहेर पडला, की एक पील राखायचं, असंही तुम्ही सांगितलं होतं. ते आता राखतोय: पोस्टात महिना एक हजाराची आरडी. उरलेले पाच संकल्प कागदावरच राहू देत.

ऐन कामात माझ्यासाठी तासभर विळा खाली ठेवलात, त्याबद्दल मनापासून आभार, आप्पा. संक्रांतीनंतरच्या रविवारी येतो. भरीत आई देणार आहे. काकूंना कळण्याच्या भाकरी टाकायला सांगा. राखलेल्या पिलांच्या बागेच्या बांधावर बसून जेवू.

तुमचा पुतण्या,
जळगाव