गोलात थांबलेल्या दादांना

दादा,

हे पत्र मैदानावर तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी करून शिट्टीच्या पिशवीत टाकलं असतं आणि म्हणाला असता, "चल, आधी बॉलमध्ये हवा भर." म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं नाव 'प'नं सुरू होतं आणि घर नागपुरातल्या पाचपावलीत आहे. अडखळत बोलणाऱ्याला बाकी कुठलाही शब्द अडला तर बाजूचा शब्द धरून पुढे जाता येतं. 'पाणी' निघालं नाही तर मी 'तहान लागली' म्हणते. स्वतःच्या नावाला मात्र बाजूचा शब्द नसतो. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. समोरच्याला वाटतं, बिचारीला मदत करावी. बर्डीवर ऑटोवाले माझं 'पा' ऐकताच "पारडी? बसा बसा" म्हणतात. एकदा मी खरंच बसले. नाही म्हणायलाही वेळ लागला असता ना. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर मधेच उतरून चालत घरी आले होते.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव द्यायला गेले तेव्हाही तसंच झालं. मुलाखत घेणाऱ्यांनी माझं नाव स्वतःच पूर्ण केलं, तेही चुकीचं. मग हसून म्हणाले, "तू मागचं काम बघ. बॅनर धर, खुर्च्या मांड. लोकांशी बोलायचं काम तुला जमणार नाही." वर्षाचे १२० तास भरायचे असतात, मी ते खुर्च्या मांडून भरले. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तिचं बोधवाक्य 'नॉट मी बट यू'. ते त्या खोलीत त्यांच्याच पाठीमागच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. योजनेबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यातून घडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्या खोलीतल्या कुणालाही अर्धा मिनिट थांबता आलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणारही नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी कुठेच गेले नाही. शेजारची मुलगी मला इंदोऱ्यातल्या तुमच्या रविवारच्या फुटबॉलच्या मैदानावर ओढून घेऊन आली, तीही फक्त बघायला. मे महिना होता. सकाळचे सहा वाजले होते आणि तेवढ्यातच ऊन चटकायला लागलं होतं. तीसेक पोरं गोल करून उभी होती आणि एकेक जण नाव सांगत होता. मला पळून जायचं होतं, पण गोलातून पळालेलं लगेच दिसतं.

माझी पाळी आली. ओठ मिटले.

तुम्ही काय केलं ते तुमच्या लक्षातही नसेल. तुम्ही नजर खाली घातली नाहीत. 'घाबरू नको, सावकाश सांग' म्हणाला नाहीत. या शब्दांनी किती दडपण येतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. तुमच्या चेहऱ्यावर दयाही नव्हती. पायाखाली बॉल दाबून, माझ्या आधीच्या पोराकडे जसं बघत होतात तसंच माझ्याकडे बघत उभे राहिलात. एक पोरगा खुदकन हसला, तर त्याच्याकडे मानसुद्धा वळवली नाहीत. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मला तो फार लांब वाटला. शेवटी नाव आलं, पूर्ण, माझंच. तुम्ही म्हणालात, "बरं. पुढे?"

शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. घरी येऊन मी आईला सांगितलं आणि रडले. आई म्हणाली, "काऊन रडून राहिली? काय म्हणाले ते?" मी म्हटलं, काहीच नाही म्हणाले.

पुढे एकदा बॉलमध्ये हवा भरताना तुम्ही विजय बारसे सरांची गोष्ट सांगितली होती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक, पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं, आणि त्यातून २००१ साली आपल्या नागपुरात सुरू झालेला झोपडपट्टी फुटबॉल. सगळे त्या बादलीचं कौतुक करतात. तुम्ही म्हणालात, "सर आधी थांबून बघत राहिले, हे लोकं विसरून जातात." मला तेव्हाच कळलं, तुम्ही कुणाकडून शिकलात. चांगुलपणा म्हटलं की आपल्याला देणगी, अन्नदान, मोठमोठी कामं आठवतात. पण औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडचा मुलगा माझं वाक्य संपेपर्यंत गप्प राहतो, तेव्हा मला तोही तितकाच मोठा वाटतो. अशी माणसं या शहरात आहेत. मी आता त्यांना मोजते.

आणि हजेरी. तिसऱ्याच महिन्यात तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत. एकतीस नावं, त्यातली पाच 'प'ची. एका पालकानं सांगितलं, "वेळ जाते न भाऊ, दुसऱ्या कोणाला द्या." तुम्ही बुटाची नाडी बांधत म्हणालात, "जाऊ द्या न. कुठं गाडी पकडायची आहे आपल्याला?" त्या दिवशीपासून आपली हजेरी अकरा मिनिटं चालते आणि कुणीही कुरकुरत नाही.

परीक्षेमुळे पुढचे दोन रविवार मी येणार नाही. वही कपाटात, बिब्सच्या खाली ठेवली आहे. ज्याला द्याल त्याला एवढं सांगा, की सातव्या नंबरचा पोरगा नवीन आहे, छिंदवाड्याकडून आला आहे, त्याला स्वतःच्या मराठीची लाज वाटते. तो 'हजर' म्हणायला वेळ घेतो. त्याच्यानंतरचं नाव लगेच घेऊ नका.

तुमची,
रविवारच्या गोलातली प.