सहा सेंटिमीटर वाचवण्यासाठी तुम्ही टेबलाचा पाय काढलात

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन रचना विभाग
(प्रत: ग्राहक सेवा प्रमुख)

विषय: घडीच्या टेबलाचं पान निखळणं, टेबल कलंडणं आणि आज सकाळी फोनवर मला मिळालेलं उत्तर

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवून वीस मिनिटं झाली आहेत. हा माझा पाचवा फोन होता आणि शेवटचा. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

टेबल कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. मध्ये चाकांवरचा 30 सेंटिमीटर रुंदीचा खोका, त्यात तीन खण, दोन्ही बाजूंना बिजागरीवर लोंबणारी 60 सेंटिमीटरची दोन पानं. मिटलेलं 30 सेंटिमीटर, उघडलेलं 150. लांबी 80, उंची 75. ही मापं तुम्हीच छापली आहेत आणि मी ती टेपने मोजून पाहिली आहेत, ती बरोबर आहेत. माझी तक्रार मापांबद्दल नाही. त्या मापांसाठी तुम्ही काय काढून टाकलंत, त्याबद्दल आहे.

सात महिने टेबल वापरलं. आमचं घर एका खोलीचं आहे. सकाळी टेबल उघडतं, दुपारी मिटतं, मुलगी शाळेतून आली की पुन्हा उघडतं, रात्री अंथरुणं घालायची म्हणून पुन्हा मिटतं. दिवसाला दोन वेळा उघडणं, दोन वेळा मिटणं. घडीचं टेबल माणूस याच कामासाठी घेतो. पाचव्या महिन्यात डावं पान बिजागरीपाशी किंचित वर उचललेलं दिसू लागलं. बोट फिरवलं की कड लागायची. सहाव्या महिन्यात दोन स्क्रू बाहेर आले, त्यांना पार्टिकल बोर्डाचा भुसा चिकटलेला होता. तुमचा माणूस आला. त्याने भोकांत गोंद आणि काडेपेटीच्या काड्या भरल्या आणि तेच स्क्रू पुन्हा पिळले. नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी अभ्यास संपवून उठली. उठताना तिने कोपर पानाच्या कडेवर टेकलं, सगळी मुलं टेकतात तसं. आधी बिजागरी सुटली, मग अख्खं टेबल तिच्या बाजूला कललं. लॅपटॉप पडला, त्याचं मला फारसं काही नाही. खोक्याची वरची फळी तिच्या पायापासून चार बोटांवर आदळली. ती रडली नाही, नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी काही केलं नाही."

तिने काही केलं नव्हतं. हे मी फोनवर पाच वेळा सांगितलं, इथे सहाव्यांदा लिहिते आहे.

आता आज सकाळचा फोन. तो शब्दशः लिहिते, कारण हे संभाषण तुम्ही रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं. तुम्ही ते ऐकावं अशी माझी मागणी आहे.

तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, टेबल किती वेळ उघडं होतं?"

मी म्हटलं, "दुपारपासून. तीन-चार तास."

"मग तेच झालंय. हे जागा वाचवणारं टेबल आहे. गरजेपुरतं उघडायचं असतं."

मी विचारलं, "गरजेपुरतं म्हणजे किती?"

थोडा वेळ शांतता. मागे कोणीतरी त्याला काहीतरी सांगत होतं. मग तो म्हणाला, "पानावर वजन ठेवलं होतं का?"

मी म्हटलं, "टेबलावर वजन ठेवायचं नाही तर काय ठेवायचं?"

"मॅडम, मी पानाबद्दल विचारतोय, टेबलाबद्दल नाही."

हे वाक्य ऐकल्यावर माझ्या तोंडून क्षणभर शब्दच फुटला नाही. उघडल्यावर या टेबलाची 150 सेंटिमीटर रुंदी होते, त्यातली 120 पानांची आहे. पान म्हणजे टेबल नाही, तर मग मी विकत काय घेतलं? मी हेच विचारलं. त्यावर त्याने शांतपणे सांगितलं, "रोज उघडून वापरायचं असेल तर तुम्ही साधं टेबल घ्यायला हवं होतं." आणि वर, "तुमच्या तक्रारीवर अयोग्य वापर अशी नोंद झालेली आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही." मी वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटलं. अकरा मिनिटं संगीत ऐकवलं. मग फोन कट झाला. दोन मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.

कोणाचं समाधान झालं? मला विचारलं कोणी?

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जे वाचायला दिलंय ते तो वाचतो. पण घडीचं टेबल उघडणं म्हणजे अयोग्य वापर, हे वाक्य कोणीतरी विचार करून लिहिलं असणार. तो माणूस तुमच्या कचेरीत बसतो. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी शाळेत गणित शिकवते. तरफेचं गणित, म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, करायला इंजिनियर व्हावं लागत नाही. घरच्या वजनकाट्यावर मी तुमचं टेबल सुटं करून तोललं. मधला खोका, वरच्या फळीसकट आणि रिकाम्या खणांसकट, 18 किलो. प्रत्येक पान 6 किलो. आता एकच पान उघडलंय असं धरा, कारण मुलगी एकटी अभ्यासाला बसते तेव्हा आम्ही एकच उघडतो आणि तुमच्या जाहिरातीतही तसंच चित्र आहे. टेबल कलंडेल ते उघड्या बाजूच्या चाकांवरून. चाकं अगदी खोक्याच्या कडेला आहेत असं मानू. खोक्याचा भार त्या कडेपासून 15 सेंटिमीटर आत, लोंबणारं पान 30 सेंटिमीटर आत. 18 गुणिले 15 म्हणजे 270, 6 गुणिले 30 म्हणजे 180. टेबलाला सावरून धरणारे हे 450. उलट्या बाजूला उघडं पान, त्याचा भार कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेर, म्हणजे 180 उणे. उरले 270. पानाची बाहेरची कड 60 सेंटिमीटरवर आहे. 270 भागिले 60.

साडेचार किलो. एवढा भार कडेवर आला की टेबल कलंडायच्या बेतात येतं. दोन्ही पानं उघडी असली तर हिशेब साडेसात किलोवर जातो. खणांत सामान असेल तर आणखी थोडा वर, पण चाकं प्रत्यक्षात कडेपासून आत बसवलेली आहेत, त्यामुळे तो परत खालीही येतो. उठणारं माणूस हाताने टेबलावर याहून कितीतरी जास्त जोर देतं. नऊ वर्षांचं मूलही देतं.

हे झालं कलंडण्याचं. स्क्रू का निघाले, तेही याच मोजमापात आहे. उघड्या पानाला तुम्ही आधार दिलाय तो खोक्यातून सरकत बाहेर येणाऱ्या दोन पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्या बाहेर येतात फक्त 20 सेंटिमीटर. त्याहून जास्त येऊच शकत नाहीत, कारण खोकाच 30 सेंटिमीटरचा आहे आणि पट्टीचा मागचा भाग आत धरून ठेवायला हवा. म्हणजे 60 सेंटिमीटरचं पान 20 सेंटिमीटरवर टेकलेलं, पुढचे 40 हवेत. कडेवर एक किलो ठेवला की पट्टीच्या टोकावर तीन किलो येतो आणि पानाची आतली कड दोन किलोच्या जोराने वर उचलली जाते. ती उचल धरून ठेवायची कोणी? बिजागरीच्या स्क्रूंनी. 18 मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डात, खालून घातलेल्या बारीक स्क्रूंनी. दाबून चिकटवलेल्या भुशात स्क्रूची पकड लाकडाइतकी नसते आणि एकदा भोक सैल झालं की त्यात पुन्हा पकड येत नाही, हे कोणताही सुतार सांगेल. इथे आरपार नटबोल्ट आणि रुंद वॉशर हवे होते, निदान बोर्डात बसवलेली धातूची आटेदार बुशं (स्क्रू पिळायच्या नळ्या) तरी. सात महिन्यांत टेबल चारशेच्या वर वेळा उघडलं आणि तितक्याच वेळा मिटलं. प्रत्येक वेळी ते स्क्रू थोडे थोडे उपसले गेले.

दोन्ही बिघाड वेगळे दिसतात, पण मूळ एकच आहे. पानाखाली पाय नाही.

आणि तुम्हाला तो पाय माहीत नव्हता असं मी मानणार नाही. तुमच्याच जुन्या टेबलाला तो होता. माझ्या आईकडे ते टेबल अकरा वर्षं आहे, ते पाहूनच मी तुमच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यात खोक्याला बिजागरीवर एक चौकट आहे, फाटकासारखी बाहेर फिरते आणि पानाखाली खोक्यापासून 45 सेंटिमीटरवर पाय रोवून उभी राहते. ही काही नवलाची युक्ती नाही, 17व्या शतकात इंग्लंडमधल्या घरांत अशा फिरत्या पायांची टेबलं सर्रास असत. त्या पायाने कडेवरच्या एका किलोमागे बिजागरीवरची ओढ दोन किलोवरून एक तृतीयांश किलोवर येते. सहावा हिस्सा. आणि टेबल कलंडायचं तर चाकांवरून नाही, त्या पायावरून कलंडावं लागतं, त्याच्यापलीकडे पानाचे जेमतेम 15 सेंटिमीटर उरतात. एकाच पायाने दोन्ही प्रश्न सुटतात.

आईच्या टेबलात आणखीही एक गोष्ट आहे, जी तुमच्याकडे कोणीतरी एकेकाळी प्रेमाने केली होती. मधल्या फळीची कड बाहेरून गोल घासलेली आणि पानाची कड तशीच आतून पोकळ. पान वर असो वा खाली, मध्ये फट दिसत नाही. माझ्या टेबलाला दोन्ही कडा सरळ कापलेल्या, मध्ये तीन मिलिमीटरची फट, आणि त्या आतल्या कडांना झाकणारी पट्टी लावलेलीच नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसलं की पाणी तिथून बोर्डात शिरतं. ती कड आता फुगली आहे. पण हे राहू दे, याच्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

पाय का काढलात, ते मी मोजून शोधलं. आईचं टेबल मिटल्यावर 36 सेंटिमीटर भरतं. माझं 30. फिरत्या चौकटीची जाडी दर बाजूला 3 सेंटिमीटर. दोन बाजूंचे सहा. जाहिरातीत "फक्त 30 सेंटिमीटर" असं मोठ्या अक्षरांत छापता यावं म्हणून सहा सेंटिमीटर कापले गेले आणि त्यासोबत पाय गेला. तुमचा प्रतिनिधी तिसऱ्या फोनवर म्हणाला होता की पाय बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना लागायचा म्हणून काढला. लागतो, आईकडे मलाही लागलाय. पण तो कुठे उभा राहावा म्हणजे लागणार नाही, हे शोधणं हेच तर रचनाकाराचं काम आहे. माणसाला बसायला साधारण 60 सेंटिमीटर रुंदी लागते, एवढ्यात एका पायाला जागा काढता येत नाही असं मला पटत नाही.

छोट्या घरात जागा वाचवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगू शकते, कारण मी तशा घरात राहते. मला मिटलेलं टेबल भिंतीपासून सहा सेंटिमीटर पुढे आलेलं चाललं असतं. अंथरूण तरीही बसलं असतं. मला उघडलेलं टेबल उभं राहायला हवं होतं. तुम्ही मिटलेल्या टेबलाची रचना केलीत, उघडलेल्या टेबलाचा विचार कोणी केलाच नाही. म्हणूनच तुमचा माणूस मला ते उघडू नका म्हणून सांगतो.

घरगुती टेबलांसाठी युरोपात ईएन 12521 हे मानक आहे, त्यात भक्कमपणा आणि टिकाऊपणाबरोबर कडेवर भार दिल्यावर टेबल कलंडतं का हेही तपासतात. मला लेखी कळवा: हे टेबल अशा चाचणीतून गेलं आहे का? कोणत्या अवस्थेत? एक पान उघडं असताना की दोन्ही मिटलेली असताना? हा प्रश्न मी दुसऱ्या आणि चौथ्या फोनवरही विचारला होता. दोन्ही वेळा "नोंद घेतली आहे" असं सांगण्यात आलं.

मला बदली टेबल नको. तेच टेबल पुन्हा घरात आणून मी काय करू? माझे पूर्ण पैसे परत हवेत, "अयोग्य वापर" ही नोंद खोडून तसं लेखी हवं, आणि ज्यांच्या घरी हे टेबल आहे त्या सगळ्यांना तुम्ही पानाखाली लावायचा पाय मोफत पाठवावा. तोपर्यंत निदान एवढं कळवा की एक पान उघडं ठेवून मुलांना त्याच्याशी बसवू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. वजनं, मापं, निघालेले स्क्रू आणि फोटो माझ्याकडे आहेत. वेळ जाईल, माझी तयारी आहे.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती शेजारपाजारच्यांना तुमचंच नाव सुचवते.

टेबल सध्या भिंतीशी मिटून ठेवलंय. दोन्ही पानं मी दोरीने बांधली आहेत, कारण मुलगी शाळेतून आली की सवयीने ते उघडायला जाते. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला दोरी सोडू नको म्हणून सांगा, डावं पान एकाच स्क्रूवर आहे.

एक ग्राहक