कॅनबेराच्या नोंदवह्या खुल्या करा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,
स. न. वि. वि.

महावीर चक्र दोनदा मिळालेले अधिकारी देशात मोजून सहा. त्यांपैकी जनरल अरुणकुमार वैद्य महाराष्ट्राला ठाऊक आहेत. याच सहांतले विंग कमांडर पद्मनाभ गौतम हे कॅनबेरा बॉम्बरचे वैमानिक. पहिले महावीर चक्र १९६५चे, दुसरे १९७१चे. नोव्हेंबर १९७२मध्ये पुण्याजवळ मिग-२१च्या अपघातात ते गेले. पुतळा, चौक, रस्त्याचे नाव यांपैकी काहीही मागण्यासाठी हे पत्र नाही. आम्हाला कॅनबेरा स्क्वॉड्रनांच्या युद्धनोंदींचे कागद हवे आहेत.

गौतम यांच्या १९७१च्या मानपत्रात, म्हणजे पुरस्कारासोबतच्या अधिकृत वर्णनात, पाकिस्तानातल्या मियाँवाली विमानतळावरचे दोन रात्रींचे हल्ले आहेत, ५ आणि ७ डिसेंबरचे, तेही धोकादायक म्हणावे इतक्या कमी उंचीवरून. माँटगोमेरी-रायविंड भागातल्या रेल्वे यार्डांवर रॉकेट आणि तोफांनी केलेले हल्लेही आहेत. मानपत्र एवढ्यावर थांबते आणि खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

साधी गोष्ट चंद्राची. त्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होती. म्हणजे पाच तारखेला चंद्र सूर्यास्तानंतर काही तासांनी उगवला आणि सातला त्याहून बराच उशिरा. विमान लक्ष्यावर चंद्रोदयाआधी पोचले की नंतर, यावर सगळे अवलंबून असते. चांदण्यात नदी, रूळ, धावपट्टी दिसते, पण खालच्या तोफचीलाही विमान दिसते. अंधारात दोघेही आंधळे, आणि मग भिस्त होकायंत्र, घड्याळ आणि वेगावर. ३०० नॉट म्हणजे तासाला ३०० सागरी मैल, मिनिटाला ५. दिशा एक अंशाने चुकली तर ६० मैलांनंतर विमान एक मैल बाजूला. रात्री खाली उडताना एवढ्या फरकाने धावपट्टी हातची जाते. उंच चढून शोधावे तर रडार टिपते.

आता बॉम्बकडे या. ५०० फुटांवरून सोडलेला बॉम्ब साधारण साडेपाच सेकंदांत जमिनीवर येतो. ३५० नॉट वेगाने जाणारे विमान तेवढ्यात एक किलोमीटर पुढे सरकते. पण बॉम्बही त्याच वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे तो पडतो तेव्हा विमान जवळपास त्याच्या डोक्यावरच असते. फ्यूजला, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या यंत्रणेला, विलंब दिला नाही तर स्वतःच्याच बॉम्बचे तुकडे विमानाला लागतात. विलंब दिला तर इतक्या उथळ कोनात पडलेला बॉम्ब काँक्रीटवरून उसळी मारून भलतीकडे जाऊन फुटण्याची भीती. म्हणून उंची, वेग आणि फ्यूजचा विलंब हे तीन आकडे एकत्र असल्याशिवाय ‘अचूक हल्ला’ या शब्दांना वजन येत नाही. हे आकडे मानपत्रात नसतात, ते स्क्वॉड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकात, म्हणजे मोहिमांच्या नोंदवहीत, आणि परतल्यावरच्या डीब्रीफ अहवालात असायला हवेत.

दुसरी बाब आम्हाला जास्त खटकते. कॅनबेरा बी(आय)५८ हे दोघांचे विमान. वैमानिक वर काचेच्या घुमटाखाली, संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटवर. नेव्हिगेटर, म्हणजे मार्ग ठरवणारा सहकारी, पुढे नाकाच्या पोकळीत, बॉम्ब टाकताना पालथा झोपलेला. त्याला इजेक्शन सीट नव्हती. बाहेर पडायचे तर दार उघडून उडी. पाचशे फुटांवर याचा अर्थ काय होतो, ते आपल्या वायुसेनेच्या अधिकाऱ्यांना विचारावे. मानपत्रात वैमानिकाचे नाव येते, सोबतच्या माणसाचे बहुतेक वेळा येत नाही. शौर्य पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर अशा प्रत्येक मानपत्राखाली त्या उड्डाणातल्या नेव्हिगेटरचे नाव जोडायला हवे. त्यासाठी समिती नको, उड्डाणाची नोंद पुरे.

जून २०२१मध्ये आपल्याच मंत्रालयाने धोरण जाहीर केले की युद्धनोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात. १९६५ आणि १९७१च्या नोंदींची ही मुदत केव्हाच उलटली. तेव्हा सुरुवात कॅनबेरा स्क्वॉड्रनांपासून करा. हे विमान २००७मध्येच निवृत्त झाले, त्यातले कुठले तंत्र आज गुप्त राहिले आहे?

काम करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. स्कॅन रंगीत हवे, निदान ४०० डीपीआयचे. लॉगबुकात, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या उड्डाणवहीत, रात्रीचे उड्डाण लाल शाईने लिहायची जुनी रीत आहे, काळ्या-पांढऱ्या प्रतीत रात्र आणि दिवस एक होऊन जातात. पातळ कागदावरच्या कार्बन प्रती आधी घ्या, त्या सर्वांत लवकर पुसट होतात. गंजलेल्या टाचण्या काढा, पण कागदांचा क्रम मोडू नका. पानाची मागची बाजू सोडू नका, पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या पुष्कळदा तिथेच सापडतात.

सूची करताना तारखेचा घोळ होतो. मध्यरात्र ओलांडणाऱ्या मोहिमेला उड्डाणाची तारीख एक आणि हल्ल्याची दुसरी. शिवाय भारतीय वेळ पश्चिम पाकिस्तानच्या अर्धा तास पुढे, आणि काही नोंदी ग्रीनिच वेळेत असू शकतात. वेळ कोणती, हे प्रत्येक नोंदीत लिहा. गावांची जुनी-नवी नावेही दोन्ही द्या: माँटगोमेरी म्हणजे आजचे साहिवाल, लायलपूर म्हणजे फैसलाबाद. नाहीतर शोधणाऱ्याला निम्मे कागद मिळणारच नाहीत.

माणसांच्या बाबतीत घाई आहे. १९७१ला पंचविशीत असलेला नेव्हिगेटर आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाने अशा नेव्हिगेटरांची ध्वनिमुद्रणे करावीत, पण रिकाम्या टेबलावर नाही. समोर त्या भागाचा नकाशा आणि त्यांच्याच लॉगबुकाचे पान ठेवावे, नाहीतर पासष्टचा आणि एकाहत्तरचा हल्ला आठवणीत सहज एकमेकांत मिसळतात.

एकदम सगळे शक्य नसेल तर पहिला हप्ता म्हणून ३ ते १७ डिसेंबर १९७१ या पंधरा दिवसांची कॅनबेरा स्क्वॉड्रनांची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुके राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवावीत. कोणती पाने रोखली आणि का, याची यादीही सोबत द्यावी.

कळावे,
विमानेतिहासाचे अभ्यासक