समेवर हात उचलायला शिकवणाऱ्या किंग्स्टनच्या दादांना

दादा,

तुम्ही जमैकातून ज्याला ड्रम वाजवलात ते आपलं गाणं गेल्या आठवड्यात बाहेर आलं. तुम्हाला इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या, पण त्या लिहून माझं मन भरलं नाही. म्हणून हे मराठीत, सगळ्यांसमोर. अर्थ तुम्हाला फोनवर सांगीन.

आपली ओळख कशी झाली, रेकॉर्डिंगच्या फायली कशा गेल्या-आल्या, ते सांगत बसत नाही. आधी काय झालं होतं, ते मात्र सांगतो. तुम्हाला ते मी कधी धड सांगितलंच नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनची आमची पोफळीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. त्या वाडीवर मी गाणं लिहिलं आणि ते तुमच्या जमैकाच्या रेगे संगीतातच बसलं, कारण रडगाणं न करता दुःख सांगायची सोय मला त्याच चालीत सापडली. ढोलकी बाबांनी वाजवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. बाबा पन्नास वर्षं भजनात तबला आणि जाखडीला ढोलकी वाजवतात.

मुंबईतल्या एका स्टुडिओत ताशी पैसे भरून आम्ही गेलो. तिथल्या संयोजकाने बाबांना वीस मिनिटंही दिली नाहीत. "काका, हे भजन नाहीये," म्हणाला, आणि आमच्यादेखत विकतचा एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार ठेका, लावून मोकळा झाला. पैसे पूर्ण घेतले. लूपबद्दल माझी तक्रार नाही, कित्येक चांगली गाणी लुपांवर उभी आहेत. पण अडुसष्ट वर्षांच्या वादकाला, चुकतंय कुठे, एवढं तरी सांगायचं? बाबांनी ढोलकी गवसणीत घातली. एसटीत श्रीवर्धनपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढे चार महिने ढोलकी खुंटीवरून खाली आली नाही. त्यानंतर आणखी दोघांना विचारलं. एकाने उत्तरच दिलं नाही, दुसरा म्हणाला, मराठीत रेगे ऐकणार कोण.

मग तुम्ही.

बाबांची चूक होती ती खरीच होती. तुमच्या वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात चारातली पहिली मात्रा रिकामी असते आणि तिसरीवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमची कड एकदम पडते. बॉब मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेट याने जगभर नेलेला हा ठेका मी हजार वेळा ऐकला होता, पण बाबांना समजावता येत नव्हता. त्यांचा हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडायचाच. केरवा तालाचा पहिला 'धा' सोडायचा कसा? "समेवर यायचं नाही म्हणजे घरी यायचं नाही," ते म्हणायचे.

तुम्ही बाबांचं रेकॉर्डिंग ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे तुमच्या रात्री साडेआठला, एक व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा. ड्रम नाही, काठ्या नाहीत. ओट्यावर बसलेले तुम्ही, आणि गुडघ्यावर हात. पहिल्या मात्रेला हात वर उचलायचात आणि श्वास आत घ्यायचात, तो श्वास ऐकूही येतो. तिसरीला थाप. खाली लिहिलं होतं, हे तुझ्यासाठी नाही, एल्डरसाठी आहे. एल्डर म्हणजे काय ते मी बाबांना सांगितलं, आपल्याकडे बुवा म्हणतात तसं. ते नुसते हसले.

व्हिडिओ त्यांनी किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही. मागच्या पडवीत बसून गुडघ्यावर हात उचलत होते. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. आणि एकदम ओरडले, "अरे, हा रूपकासारखा आहे! समेवरच खाली!" रूपक तालात पहिल्या मात्रेला 'धा' येत नाही, 'ती' येते, सम तिथेच आणि खालीही, म्हणजे टाळी न देता हात बाजूला न्यायची मात्राही, तिथेच. पन्नास वर्षं जी गोष्ट हातात होती, ती तुमच्या गुडघ्यावर त्यांना दिसली. त्याच संध्याकाळी ढोलकी खुंटीवरून उतरली.

दादा, तुमचा ड्रम अप्रतिम आहे, गोव्याच्या मैत्रिणीचं ऑर्गनची 'बबल' म्हणतात ती उसळती साथ त्यावर तरंगते, सगळं खरं. पण आभार मानायचे ते त्या चाळीस सेकंदांचे. ती फाईल गाण्यात कुठेच नाही. त्यासाठी तुम्हाला कुणी पैसे देणार नव्हतं.

तुमच्या शहरात ही रीत जुनी असावी. अल्फा शाळेत नन्सनी गरीब मुलांच्या हातात ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दिले आणि त्यातले चौघे पुढे स्कॅटलाइट्स या जमैकाच्या नावाजलेल्या बँडच्या उभारणीत होते. युनेस्कोने 2018 मध्ये जमैकाच्या रेगेला वारसा म्हटलं ते योग्यच झालं, पण असा वारसा टिकतो तो शिकवणाऱ्याने समोरच्याला लहान न लेखल्यामुळे. आमच्याकडेही असे बुवा आहेत, पेटी उघडून कुणालाही शेजारी बसवणारे. मला ते गावात भेटले, स्टुडिओत भेटले नाहीत.

आणि बेरिल. 3 जुलै 2024 ला ते वादळ तुमच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. तुमचा फोन लागत नव्हता. बाबा म्हणाले, "त्यांच्याकडेही झाडं पडली असतील." पाचव्या दिवशी तुमचा निरोप आला: घर ठीक आहे, वीज नाही, फाईलला उशीर होतोय, माफ करा. तुम्ही माफी मागितलीत! निसर्गनंतर आम्ही कित्येक दिवस अंधारात काढले होते, त्यामुळे तुमचं ते वाक्य आम्हाला नीट कळलं. तिसऱ्या कडव्यातली 'पलीकडच्या किनाऱ्याची' ओळ तेव्हाची आहे. तुम्ही विचारलं होतंत ना, ती आधीच्या मसुद्यात का नव्हती?

गाण्याखाली नावं लिहिताना तुम्ही बाबांचं नाव स्वतःच्या वर टाकायला लावलंत. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, मग शेजारच्यांना नेऊन दाखवलं.

त्यांनी तुमच्यासाठी एक व्हिडिओ केलाय. मांडीवर रूपक, सात मात्रा, पहिलीला हात वर. मनासारखा होईना म्हणून तीनदा काढायला लावला. आज संध्याकाळी साडेसहाला पाठवतो, तुमच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतील.

तुमचा,
श्रीवर्धनचा धाकटा भाऊ