कंत्राटी माणसे अहवालाच्या कोणत्या पानावर?

महोदय,

पाणीपुरवठा असो, आरोग्यसेवा असो की सार्वजनिक वाहतूक, अनेक सार्वजनिक संस्था आता वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या जोडीने आणखी काही प्रकरणे छापू लागल्या आहेत. कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य, जबाबदार खरेदी आणि पर्यावरणावर पडणारा भार असे त्यांचे विषय असतात. ज्या संस्थेचा पैसा लोकांचा आहे तिने या गोष्टींचाही हिशेब लोकांपुढे ठेवावा हे योग्यच आहे. माझी हरकत आहे ती मांडणीला. पहिले प्रकरण आस्थापना विभाग लिहितो, दुसरे खरेदी विभाग आणि तिसरे बहुधा अभियांत्रिकी विभाग. संस्थेचे रोजचे काम मात्र ज्या माणसांच्या आणि यंत्रांच्या जोरावर चालते, त्यांतला मोठा हिस्सा या प्रकरणांच्या मधल्या फटीतून निसटतो. ही फट पडते निविदा काढताना.

साफसफाईचेच उदाहरण घेऊ. हे काम कंत्राटावर गेले की झाडलोट करणारी व्यक्ती संस्थेच्या आस्थापनेवर राहत नाही. कर्मचारी समाधानाच्या पाहणीची प्रश्नावली तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आजारपणाच्या रजांच्या सरासरीत ती मोजली जात नाही आणि कामावर घसरून पडली तर अपघाताची नोंद झालीच तर कंत्राटदाराच्या दप्तरी होते. खरेदी विभागाच्या लेखी ती माणूस नसून प्रति चौरस मीटर दराने घेतलेली सेवा असते. ती वापरत असलेली रसायने कंत्राटदाराने आणलेली असल्याने पर्यावरणाच्या प्रकरणातही त्यांचा उल्लेख नसतो. मुदत संपून नवा कंत्राटदार आला की तीच बाई, तोच मजला आणि तीच बादली राहते. गणवेशाच्या पाठीवरचे नाव तेवढे बदलते. मात्र तिची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते आणि साठलेली रजा व ज्येष्ठता जुन्या कंत्राटाबरोबर संपते. अशा मनुष्यबळावर चालणाऱ्या सेवांत खर्चाचा मोठा भाग मजुरीचाच असतो. म्हणून एखादा दर इतरांपेक्षा फारच खाली आला, तर तो कमी माणसे लावून, कमी मजुरी देऊन किंवा हलके साहित्य वापरूनच आणलेला असण्याची शक्यता दाट असते. संस्थेच्या टिप्पणीत मात्र या फरकाची नोंद 'बचत' म्हणून होते.

वाहनांच्या बाबतीतही हेच घडते. हरितगृह वायूंच्या मोजणीसाठी 2001 मध्ये आलेली 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' ही मानक पद्धत उत्सर्जनाचे तीन गट करते: संस्थेने स्वतः जाळलेले इंधन पहिल्या गटात, विकत घेतलेली वीज मुख्यतः दुसऱ्यात आणि खरेदी, प्रवास, कंत्राटी कामे अशा मूल्यसाखळीतील बाकी सर्व अप्रत्यक्ष उत्सर्जन तिसऱ्यात. संस्थेने स्वतःच्या गाड्या मोडीत काढून वाहतूक कंत्राटदाराकडे सोपवली की तेच डिझेल पहिल्या गटातून तिसऱ्या गटात जाते. तिसरा गट मोजायला अवघड म्हणून अनेक अहवाल तो वगळतात किंवा कर्मचाऱ्यांच्या विमानप्रवासापुरता दाखवतात. रस्त्यावरचा धूर कणभरही कमी झालेला नसताना आलेखाची रेघ खाली येते, आणि त्या आलेखाला अहवालात बहुधा पूर्ण पान मिळते.

वगळला जाणारा हा भाग किती मोठा असू शकतो, हे इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबातून दिसते. तिच्या एकूण कार्बन भारापैकी सुमारे 62 टक्के भार पुरवठा साखळीतून, म्हणजे औषधे, उपकरणे आणि इतर खरेदीतून येत असल्याचे तिने स्वतःच मांडले. प्रत्येक संस्थेचे प्रमाण एवढेच असेल असे नाही. तरी जी संस्था मुख्यतः खरेदी करून आणि कामे बाहेर देऊन चालते, तिने कार्यालयातील दिवे बदलल्याचे सविस्तर वर्णन करावे आणि खरेदीतील उत्सर्जनाबद्दल मौन पाळावे, हे पटण्यासारखे नाही. संगणकांचेच पाहा. लॅपटॉपच्या आयुष्यभरातील उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच पडून गेलेला असतो. म्हणून कमी वीज खाणारे नवे यंत्र घेण्यापेक्षा आहे त्याची बॅटरी बदलून ते आणखी दोन-तीन वर्षे वापरणे बहुतेक वेळा अधिक हिताचे ठरते. खरेदीचे वेळापत्रक मात्र ठरावीक वर्षांनी सगळी यंत्रे एकदम बदलण्याचे असते आणि निविदेत सुट्या भागांच्या उपलब्धतेची अट क्वचितच दिसते. 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22 टक्क्यांच्या रीतसर संकलन व पुनर्चक्रणाची नोंद आहे. जुनी यंत्रे लिलावात काढून शेरा मारला की संस्थेच्या लेखी विषय संपतो. पुढे ती कोण, कुठे आणि कोणत्या हातांनी फोडतो हे कुणी विचारत नाही.

कर्मचारी स्वास्थ्याच्या प्रकरणाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. त्यात योगसत्रे, आरोग्य तपासणी शिबिरे आणि समुपदेशनाचा दूरध्वनी क्रमांक यांची जंत्री असते. हे उपक्रम वाईट नाहीत, पण ज्याला रोज दोघांचे काम एकट्याने उरकावे लागते, त्याला श्वसनाचे व्यायाम कितपत पुरे पडणार? ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर 1967 मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात आढळले की सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते, आणि ही सगळी माणसे सरकारी नोकरीतलीच होती. साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मोट यांच्या नेतृत्वाखाली 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात दिसले की स्वतःच्या कामावर माणसाचे नियंत्रण जितके कमी, तितका हृदयविकाराचा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. तेव्हा रिक्त पदे, कामाचे प्रत्यक्ष तास आणि कामाची पाळी ठरवताना कर्मचाऱ्याला असलेला अधिकार हे या प्रकरणाचे खरे विषय आहेत. नियंत्रण सर्वांत कमी कुणाकडे, याचा शोध घेऊ लागलो की आपण पुन्हा कंत्राटी कामगारांपाशीच येतो, आणि त्यांचा या प्रकरणात पत्ता नसतो.

यावर संस्थांचे ठरलेले उत्तर असे की कंत्राटदाराच्या कामगारांची जबाबदारी कायद्याने कंत्राटदाराची आहे. कायदेशीर तपशील देशागणिक वेगळा असेल, पण सार्वजनिक पैशातून दिलेल्या कामाबाबत हा हात झटकण्याचा पवित्रा फार पूर्वीच नाकारला गेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1949 मध्ये सार्वजनिक कंत्राटांतील श्रमविषयक अटींसंबंधी करार क्रमांक 94 संमत केला. त्या त्या भागात त्याच प्रकारच्या कामासाठी रूढ असलेल्या मजुरी, कामाचे तास व सेवाशर्तींपेक्षा कंत्राटी कामगारांना कमी मिळू नये अशी अट सार्वजनिक कंत्राटातच घातली जावी, असे तो सांगतो. उपकंत्राटदारही त्याच्या कक्षेत येतात. कामाच्या जागी ठळक दिसेल अशी सूचना लावून कामगारांना या अटी कळवाव्यात आणि मजुरी थकली तर कंत्राटदाराचे देयक रोखून कामगारांना त्यांचे पैसे मिळवून देण्याची तजवीज असावी, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. 1949 मध्येच सुचलेली ही सूचनेची पाटी आज किती कार्यालयांच्या जिन्याखाली लावलेली दिसते?

सर्वांत कमी दराची बोलीच घ्यावी लागते असे सांगून निविदेच्या नियमांना दोष देणेही पूर्ण खरे नाही. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशानुसार दर असाधारण कमी वाटला तर संस्थेने बोलीदाराकडून स्पष्टीकरण मागणे बंधनकारक आहे आणि आयुर्मान खर्चाच्या, म्हणजे खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या खर्चाच्या, आधारे तुलना करण्याची मुभा आहे. ब्रिटनच्या केंद्र सरकारने जानेवारी 2021 पासून मोठ्या कंत्राटांच्या मूल्यांकनात किमान 10 टक्के भार सामाजिक मूल्याला, म्हणजे कंत्राटातून समाजाला होणाऱ्या लाभाला, दिला. अशा अटींमुळे लहान पुरवठादारांवर कागदपत्रांचा बोजा पडतो, हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो गंभीर आहे. प्रमाणपत्रांची थप्पी मागणे म्हणजे जबाबदार खरेदी नव्हे. आयएसओ 14001 या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र संस्थेची पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत ठीक असल्याचे सांगते, तिचे प्रदूषण किती ते सांगत नाही, आणि शाश्वत खरेदीबाबतचे 2017 चे आयएसओ 20400 तर निव्वळ मार्गदर्शन आहे.

म्हणून कागद वाढवण्याऐवजी अहवालातच थोडी भर घालावी, असे मला सुचवावेसे वाटते. संस्थेच्या कामासाठी वर्षभरात आस्थापनेवरील माणसांनी किती तास काम केले आणि कंत्राटी माणसांनी किती, हे शेजारी शेजारी छापावे आणि अपघातांची संख्याही तशीच दोन रकान्यांत द्यावी. उत्सर्जनाच्या तक्त्याखाली काय मोजले नाही त्याची यादी असावी. आणि कंत्राटदारांची देयके सरासरी किती दिवसांत चुकती झाली, हे खरेदीच्या प्रकरणाऐवजी कर्मचारी स्वास्थ्याच्या प्रकरणात द्यावे, कारण देयक महिनोन्‌महिने लेखा विभागात अडकले की तो उशीर कंत्राटदार पुढे मजुरीवरच ढकलतो. यातील तासांच्या आणि देयकांच्या आकड्यांसाठी सल्लागार नेमण्याचीही गरज नाही. मनुष्यबळ पुरवठ्याच्या कंत्राटात देयकासोबत बहुधा हजेरीपत्रक जोडावे लागते, आणि देयक मिळाल्याची व चुकते केल्याची तारीख लेखा विभागाच्या नोंदवहीत आधीच लिहिलेली असते.

आपला,
एक नियमित वाचक