कोर्सवर्कमध्ये लॅब कुठंय?
संपादक साहेब,
यूजीसीच्या 2022 च्या नियमात पीएचडीला किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, छानच, पण केमिस्ट्रीच्या पोरांचं ते बऱ्याच ठिकाणी पीपीटी आणि असाइनमेंटमध्ये उरकतं आणि मग डायरेक्ट लॅब, तिथं उरलेलं सोडियम (पाणी लागलं की पेटणारा धातू) आयसोप्रोपेनॉल या अल्कोहोलमध्ये हळूहळू कसं निकामी करायचं हे सिनिअरला वेळ असला तर कळतं नाहीतर बोंबला. 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सिरिंजने टर्ट-ब्युटिललिथियम, म्हणजे हवा लागली की आपोआप पेटणारं रसायन, ओढताना त्यानं पेट घेतला, 23 वर्षांची असिस्टंट गेली, अंगात लॅबकोटसुद्धा नव्हता. एथिक्सचे 2 क्रेडिट कम्पल्सरी केलेत ना, मग सेफ्टीचे पण करा की, आणि परीक्षा लेखी नको, फ्यूम हूडसमोर (घातक वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) उभं करून घ्या. गाईडना मीटिंगांतून सवड मिळाली तर!
– एक संशोधक विद्यार्थी, पुणे